पणन मंडळाचा बाजारभाव तक्ता: कांदा विकणाऱ्याने कोणता रकाना बघावा

राज्यभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव मराठीत, फुकट आणि एका ठिकाणी बघायचे असतील तर कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचा बाजारभाव तक्ता हीच पहिली जागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या भावाच्या चित्रांवर तारीख नसते आणि जातही नसते. इथे शेतमाल निवडला की बाजार समिती, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने ओळीने येतात. सोय उत्तम आहे. फक्त नजर भलत्या रकान्यावर गेली की हिशेब चुकतो.

बहुतेकांची नजर जास्तीत जास्त दरावर जाते. हा दर पुष्कळदा एखाद-दुसऱ्या गाडीचाच असतो: एकसारख्या आकाराचा, सुकलेला, डबल पत्तीचा (दुहेरी सालीचा) माल, त्यात गोल्टी (बारीक कांदा) नाही की जोड कांदा नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशीचा मुहूर्ताचा भाव तर मानाचा असतो, तो बातमीपुरताच धरावा. आपल्या मालाचा अंदाज सर्वसाधारण दरावरून करायचा. बातम्यांत त्याला ‘सरासरी’ म्हणतात, पण तो कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांची बेरीज करून निम्मा केलेला आकडा नव्हे. बहुतांश माल ज्या भावाच्या आसपास गेला, तो हा दर. समजा कमीत कमी ५००, जास्तीत जास्त १,८५१ आणि सर्वसाधारण १,४०० आहे. दोन टोकांची सरासरी १,१७५ च्या आसपास येते, म्हणजे त्या दिवशी बराचसा माल चांगला होता आणि ५०० वाला थोडा, खाद (खराब माल) नाहीतर बारीक गोल्टी. याउलट सर्वसाधारण दर खालच्या टोकाला चिकटलेला दिसला, तर मालाला उठाव नाही असं समजावं.

आवकेचा आकडा क्विंटलमध्ये असतो. ट्रॅक्टरची ट्रॉली २५ क्विंटलची धरली तर १५,००० क्विंटल आवक म्हणजे ६०० ट्रॉल्या. एका दिवसाची आवक एकटी बघून काही कळत नाही, आठवडाभराची ओळीने बघावी. सलग सुट्यांनंतर लिलाव उघडतात तेव्हा तुंबलेला माल एकदम येतो, त्या दिवशीच्या भावावरून मंदी आली असं ठरवू नये.

जात/प्रत हा तक्त्याचा सगळ्यात कच्चा रकाना. लासलगाव, पिंपळगाव अशा ठिकाणी लाल (खरिपाचा) आणि उन्हाळ (रब्बीचा) कांदा वेगळे दिसतात, पण कित्येक ओळींत नुसतं ‘लोकल’ असतं किंवा रेघ मारलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही कांदे एकाच वेळी बाजारात असतात, तेव्हा अशा ओळीवरून तुलना करणं धोक्याचं. पालेभाज्यांना परिमाण नग किंवा शेकडाही असतं. पुण्याच्या मार्केट यार्डात तोंडी भाव दहा किलोचा सांगतात, तो तक्त्यातल्या क्विंटलशी जुळवताना दहाने गुणायचा.

तक्त्यातला भाव बोलीचा असतो, हातात पडणारी रक्कम पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर ठरते. व्यापारी ट्रॉलीतला कांदा वरून उकरून बघतात, बोली सुटते, चिठ्ठी मिळते. मग भुईकाट्यावर भरलेली गाडी, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली आणि पुन्हा रिकामी गाडी काट्यावर. भरलेली ६,४८० किलो आणि रिकामी ३,९२० किलो भरली, तर निव्वळ वजन २५.६० क्विंटल आणि १,४०० ने ३५,८४० रुपये. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी. भरलेल्या गाडीवरून चालक खाली उतरला आणि रिकाम्या गाडीवर बसून राहिला, तर त्याचे ६५ किलो तुमच्या वजनातून जातात, म्हणजे याच भावाने ९१० रुपये. ताडपत्री, दोर, माणसं दोन्ही वेळी सारखी ठेवा. पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई (गाडी खाली करण्याची मजुरी) या कपाती वेगवेगळ्या लिहून घ्या. २०१६ पासून फळं, भाजीपाला, कांदा, बटाटा यांची अडत (अडत्याची दलाली) खरेदीदाराकडून घ्यायची आहे, ती शेतकऱ्याच्या पट्टीत दिसता कामा नये.

खळ्यावर माल खाली होताना आतून हलका कांदा निघाला की वांधा (मालाच्या प्रतीवरून वाद) होतो आणि भाव तोडून मागितला जातो. तेव्हा उरलेली गाडी खाली करणं थांबवा आणि बाजार समितीच्या माणसाला तिथेच बोलवा. माल ढिगात मिसळला की काही सिद्ध करता येत नाही. वर मोठा कांदा आणि खाली गोल्टी अशी भरलेली गाडी मात्र हमखास वांध्यात सापडते. प्रतवारी घरीच करून गोल्टी वेगळी विकावी.

तक्ता झालेल्या सौद्यांचा आहे, पुढच्या तेजीचा नाही. सांगलीच्या हळदीवाल्याला हजर भावाशेजारी एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातला वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव तरी बघता येतो (५ टनांचा लॉट, भाव निजामाबादच्या मालाचा धरलेला, म्हणून सांगलीच्या राजापुरीशी तो जसाच्या तसा लावू नये). हरभऱ्याचे नवे वायदे ऑगस्ट २०२१ मध्ये आणि सोयाबीनचे डिसेंबर २०२१ मध्ये बाजार नियामक सेबीने थांबवले. कांदा चाळीत ठेवणाऱ्याला तर असा आधारच नाही, त्याने निदान घट मोजावी. आज १,४०० ने १०० क्विंटल विकले तर १,४०,००० होतात. चार महिन्यांत ३० टक्के घट धरली तर ७० क्विंटल उरतात, आणि तेवढेच पैसे यायला भाव २,००० लागतो. निवडण्याची मजुरी आणि कर्जाचं व्याज त्यावर वेगळं. जुन्या तारखा टाकून मागच्या काही वर्षांचा त्याच महिन्याचा सर्वसाधारण दर काढा आणि त्या २,००० शेजारी ठेवून बघा.