रात्रपाळीची मावशी: पाचपैकी साडेतीन

आईला पक्षाघात होऊन दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली, लघवीला नळी, आणि घरात मी एकटा. गेले तीन महिने सहकारनगरच्या घरी आजारी माणसांसाठी मदतनीस पुरवणाऱ्या एका ब्यूरोची रात्रीची मावशी येते.

आईची कूस दर 2 तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे मावशी येण्याआधी माझी झोपही तुकड्यातुकड्यांची. मधे ओट्यापाशी उभ्याने चहा-खारी, मग उजाडेपर्यंत मोबाइल. तळजाई टेकडीवरचं फिरणं बंद, वजन 7 किलोनी वाढलं, बहिणीचा फोनही उचलवेना. बीपी दाखवायला गेलो तर डॉक्टरांनी 9 प्रश्नांचा कागद पुढे सरकवला. गेल्या 2 आठवड्यांत उदास वाटलं का, झोप कशी, भूक कशी. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. मला 27 पैकी 14 पडले. (यात कमी पडलेले चांगले, हे आधी कळलंच नाही.) नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे 0 लिहिलं, पण पेन जरा थांबलं होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं असावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून दिला, फुकट आणि चोवीस तास, आणि म्हणाले, "रात्रीला माणूस ठेवा. टेकडी सुरू करा. महिन्याने परत या."

ब्यूरोवाले पूर्ण महिन्याचंच बुकिंग मागत होते. घासाघीस करून आठवड्याच्या 4 रात्रींवर आणलं, रात्रीचे 900 रुपये. 'ट्रेनिंग झालेली' म्हणून आलेल्या पहिल्या बाईंनी लघवीची पिशवी बघून मलाच विचारलं, "हे काय?" दुसऱ्या बाई आईपेक्षा गाढ झोपायच्या. तिसऱ्या सोलापूरकडच्या. आल्या आल्या टाचांखाली उशी सरकवली, नळी कुठे दबत नाही ना ते पाहिलं आणि मला म्हणाल्या, "दादा, दारात का उभं राहिलाय? झोपा की जाऊन." त्या रात्री सलग 6 तास झोपलो. सकाळी उठून आधी आईचा श्वास बघितला, मग बूट शोधले.

आता आठवड्यात 4 सकाळी तळजाईला जातो. मोर ओरडतात. परवा त्याच कागदावर 8 आले. मात्र खारी सुटलेली नाही.

दीड तारा कापलाय तो बदलीच्या गोंधळासाठी. दोनदा न सांगता अनोळखी बाई दारात, आई घाबरून रात्रभर जागी, अर्थात मीही. आदल्या दिवशी फोन करून नाव कळवायला काय जातं?