नागपूरच्या धंतोलीतील एका हृदयतपासणी केंद्राचा अनुभव : मधुमेहींच्या इकोत काय पाहायला हवे

माझी आई 67 वर्षांची आहे आणि तिला मधुमेह होऊन 16 वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यापासून घराचा जिना चढताना तिला मधल्या वळणावर थांबावे लागू लागले. रक्तदाब आटोक्यात होता, अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या दिसल्या होत्या आणि शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी केलेल्या इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयतपासणीच्या, अहवालात ‘इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के, नॉर्मल’ एवढी एकच ओळ होती. इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर फेकला जाणारा वाटा. तरीही धाप कमी होईना, म्हणून आमच्या डॉक्टरांनी सविस्तर इको करून घ्यायला सांगितले आणि आम्ही धंतोलीतील एका केंद्रात गेलो. केंद्राचे नाव येथे देत नाही. धंतोलीत अशी केंद्रे पुष्कळ आहेत. मधुमेही माणसाने कोणत्याही केंद्रात गेल्यावर काय विचारावे, हे लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

तपासणीला अर्धा तास लागला, आणि तो सत्कारणी लागला. तंत्रज्ञ ताईंनी आईला डाव्या कुशीवर वळवून, जेल गार लागेल हे आधी सांगून, सावकाश सगळी मापे घेतली. नंतर डॉक्टर स्वतः आले. झडपेतून आत येणाऱ्या रक्ताचा वेग त्यांनी पाहिलाच, शिवाय टिश्यू डॉप्लर, म्हणजे स्नायूच्या हालचालीचा वेग मोजणारी इकोचीच पद्धत, लावून हृदयाची भिंत स्वतः किती वेगाने मागे सरते तेही मोजले. तो वेग सेकंदाला 5 सेंटिमीटर निघाला. या जागी तो निदान 7 असायला हवा. डावा कर्णिकाकप्पाही, म्हणजे फुफ्फुसांकडून आलेले रक्त घेणारा वरचा कप्पा, थोडा मोठा झालेला होता. ‘‘मग मागल्या वेळी नॉर्मल काहून लिहिलं होतं?’’ आईने विचारले. डॉक्टर म्हणाले, ‘‘काकू, त्या वेळी हृदय किती जोराने दाबतं तेवढंच मोजलं. ते सैल कसं पडतं, हे कोणी पाहिलंच नाही.’’

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. स्नायूच्या आकुंचनाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. पण तिचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे शिथिल होणे, मी नेहमी दोन वाक्यांत आटोपत आले, याची त्या क्षणी खंत वाटली. हृदयपेशी विश्रांतीत असताना तिच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे 10,000 पटीने कमी असते. ठोक्याच्या वेळी थोडे कॅल्शियम बाहेरून आत शिरते, त्याच्या इशाऱ्याने पेशीतल्या जाळीदार कोठारातून पुष्कळ अधिक कॅल्शियम बाहेर पडते आणि तंतू आकसतात. मग हेच कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावे लागते. ते काम सर्का नावाचा पंप करतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो. सैल पडणे म्हणजे नुसते सोडून देणे नव्हे, तेही कष्टाचेच काम आहे. मधुमेहात हा पंप मंदावतो, त्याला आवर घालणारे फॉस्फोलॅम्बन हे प्रथिन अधिक जाच करते, आणि कोठाराचे दार, म्हणजे रायनोडिन ग्राही, नीट मिटत नाही, त्यामुळे कॅल्शियम झिरपत राहते. परिणामी दोन ठोक्यांच्या मध्ये पेशी पुरती सैल होत नाही, हृदय नीट भरत नाही आणि दाब मागे फुफ्फुसांकडे सरकतो. जिन्याच्या वळणावरची धाप ती हीच. यातला बराच पुरावा प्रयोगशाळेतील उंदरांच्या हृदयपेशींतून मिळाला आहे, आणि साखर चिकटून ताठर झालेले कोलॅजेनही भिंतीच्या ताठरपणात भर घालते. म्हणून सगळा दोष एकट्या कॅल्शियमवर टाकणे बरोबर होणार नाही.

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये शर्ली रूब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्येच अशा चार मधुमेहींची नोंद केली होती, ज्यांची हृदये निकामी झाली होती पण हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या नव्हत्या. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावातील रहिवाशांच्या दीर्घकालीन हृदय-अभ्यासाने 1974 मध्ये दाखवले की मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचा धोका दुपटीहून अधिक, तर स्त्रियांत सुमारे पाचपट असतो. एवढी वर्षे लोटल्यावरही एखाद्या मधुमेही बाईच्या हातात एका ओळीचा अहवाल ठेवला जावा, याचा मला मनापासून राग आहे.

या केंद्राबद्दलही एक तक्रार आहेच. अहवालासोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात ‘हृदयाच्या ठोक्यासाठी कॅल्शियम आवश्यक’ एवढेच छापले आहे. माझ्या शेजारी बसलेले एक काका ते वाचून लगेच विचारू लागले, ‘‘ताई, मग मी कॅल्शियमची गोळी दोनदा घेऊ का?’’ गोळीतल्या कॅल्शियमचा त्या पंपाशी संबंध नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर स्वतःच अगदी ठरावीक मर्यादेत राखते. शिवाय सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिनीच्या भिंतीवर दिसणारे कॅल्शियम ही तिसरीच बाब आहे. हे तीन अर्थ वेगळे करून सांगणारी चार वाक्ये पत्रकात घालायला केंद्राला काही जड नाही. मी तसे लेखी कळवले आहे.

इको आणि रक्ततपासणी मिळून 3,200 रुपये लागले. सकाळी केलेल्या तपासणीचा अहवाल संध्याकाळी सहाला हाती आला. तो मात्र पूर्ण होता आणि शिथिलतेची सगळी मापे आकड्यांसह होती. तो पाहून आमच्या डॉक्टरांनी आईची औषधे बदलली. एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध मुळात साखरेचे. पण 2015 च्या मोठ्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये, हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्याने 35 टक्क्यांनी घटले होते. आईला ते द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी पाहूनच ठरवले, आणि तेच योग्य.

गाडी लावायला धंतोलीत जागा मिळणे कठीण, त्यामुळे आम्हाला आईला बरेच अंतर चालवावे लागले. सहा महिन्यांनी पुन्हा इको आहे. जाऊ तर याच केंद्रात, पण सकाळी आठच्या आत आणि ऑटोने, म्हणजे आईला थेट दारात उतरता येईल.