जुनी ॲल्युमिनियमची होडी: एका डब्याचा रंग, दोन डब्यांचा रंग, की उघडा पत्रा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात वॉलाय माशाचा हंगाम मे महिन्याच्या मध्याला उघडतो, आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत जुन्या होड्यांच्या खरेदी-विक्रीला जोर येतो. लुंड ही कंपनी १९४८ साली याच राज्यातील न्यूयॉर्क मिल्स या लहानशा गावात सुरू झाली आणि क्रेस्टलायनरच्या होड्याही पूर्वी अनेक वर्षे येथल्याच लिटल फॉल्समध्ये बनत असत. त्यामुळे तीस-चाळीस वर्षे वापरलेली, रिव्हेट मारलेली, चौदा फुटी होडी इथे कुणाच्याही अंगणात ताडपत्रीखाली पडलेली दिसते. बहुतेक वेळा तिचा पत्रा शाबूत असतो, रंगाचे मात्र पोपडे निघालेले असतात. नोकरीनिमित्त इकडे स्थायिक झालेल्या आणि मासेमारीचा नाद लागलेल्या मराठी माणसाच्या हाती पहिली होडी येते ती बहुधा अशीच.

ती घरी रंगवायची म्हटली की चार मार्ग समोर येतात. जुना रंग काढून पत्रा उघडा ठेवावा. एका डब्यात तयार मिळणारा इनॅमल किंवा पॉलियुरेथेन रंग द्यावा. रंग आणि त्याला कडक करणारे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा. किंवा व्हिनाइलचे आवरण चिकटवून घ्यावे. यांतील शेवटचा मार्ग सपाट पत्र्याच्या वेल्डेड होडीवर शोभतो. ओळीने रिव्हेट असलेल्या जुन्या होडीवर ते आवरण प्रत्येक टोपणाभोवती उचलले जाते, म्हणून त्याचा विचार येथेच सोडून देतो. उरलेल्या तिघांविषयी माझे मत आधीच सांगतो: ट्रेलरवरून तलावावर न्यायची आणि त्याच दिवशी परत आणायची होडी असेल, तर तिच्या बाजूंना एका डब्याचा रंग पुरेसा आहे आणि तळाला रंगाची गरजच नाही. मात्र हे मत काही अटींवर उलटते, आणि त्या अटी पाहिल्याशिवाय डबा विकत घेऊ नये.

रंगाच्या आधी

पहिली अट अशी की होडी रंग देण्याच्या लायकीची असली पाहिजे. मागच्या बाजूला मोटर ज्या उभ्या पाटीवर बसते, तिला ट्रान्सम म्हणतात. तिच्या पत्र्याआड साधारण दीड इंच जाडीचे प्लायवुड असते आणि जुन्या होडीत सर्वप्रथम कुजते ते हेच. मोटर वर उचललेल्या अवस्थेत धरून हलवावी; पाटी लवली, किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर भरीव आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर रंगाचा खर्च बाजूला ठेवून पाऊण इंचाचे मरीन प्लायचे दोन थर चिकटवून, चारही कडा इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने) बंद करून नवी पाटी बसवावी.

त्यानंतर गळती. होडी ट्रेलरवर असताना आत दोन इंच पाणी भरून बाहेरून पाहावे आणि जिथे थेंब दिसेल तिथे खूण करावी. याहून अधिक पाणी भरण्याचा मोह टाळावा, कारण चौदा फुटी होडीत दोन इंच पाण्याचेच वजन चारशे-पाचशे पौंडांपर्यंत जाते आणि ट्रेलरवरच्या होडीला खालून सगळीकडे आधार नसतो. सैल रिव्हेट एकाने आतून जड लोखंडी ठोकळा टेकवून आणि दुसऱ्याने बाहेरून ठोकून पुन्हा घट्ट करता येतात. त्यावर आतल्या बाजूने सांध्यांत पातळ इपॉक्सी सोडले की ते फटींत उतरते. गळक्या रिव्हेटवर नुसता रंग फासणाऱ्याला फार तर एक हंगाम मिळतो.

बाकांखालचा फोमही उघडून पाहावा. पाणी शोषलेला फोम होडी जड करतो म्हणून काढून टाकणारे बरेच आहेत. परंतु तो काढून जागा रिकामी ठेवणे धोक्याचे आहे. अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लहान होड्यांसाठी तरंगण्याविषयीचे जे नियम आहेत, ते उलटलेली किंवा पाण्याने भरलेली होडी बुडू नये यासाठीच आहेत. नवा फोम घालताना स्वस्त पॉलिस्टायरीन पेट्रोलने विरघळते, हे लक्षात ठेवावे.

उघडा पत्रा

या होड्या बहुतेक ५०५२ क्रमांकाच्या मिश्रधातूसारख्या मॅग्नेशियममिश्रित ॲल्युमिनियम पत्र्याच्या असतात. अशा पत्र्यावर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट थर आपोआप तयार होतो, आणि गोड्या पाण्यात तोच पत्र्याचे रक्षण करतो. लोखंडाला रंग गंजापासून वाचवण्यासाठी लागतो. तलावातल्या ॲल्युमिनियमला तो मुख्यतः दिसण्यासाठी लागतो. हा फरक पटला की निम्मा निर्णय होतो. उघडा पत्रा राखाडी, निस्तेज दिसतो, पण त्याचे पोपडे निघत नाहीत, दर तीन वर्षांनी डागडुजी करावी लागत नाही आणि खडकाळ किनाऱ्यावर होडी ओढताना जीव खालीवर होत नाही.

त्याचे दोष दोन. उन्हात आतला पत्रा डोळ्यांवर चमकतो आणि हाताला चटका देतो, म्हणून आतल्या बाजूला फिकट, चमक नसलेला रंग द्यायला हवा. दुसरा दोष असा की जुना रंग पूर्ण काढण्याचे काम, नवा रंग देण्याच्या कामाहून मोठे आहे. रंग काढण्यासाठी कॉस्टिकयुक्त द्रावण वापरू नये, कारण ते रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खाते. वाळूचा मारा पातळ पत्र्याला वाकवू शकतो. लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल वापरल्यास लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि नंतर तिथे डाग पडून खड्डे होतात. त्यासाठी नायलॉनचे घासणे किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेला स्टेनलेस ब्रश हवा. जुन्या होडीवर रंगाखाली पिवळसर हिरवा थर दिसला, तर तो झिंक क्रोमेट प्रायमर, म्हणजे रंगाखाली द्यायचे अस्तर, असण्याची शक्यता मोठी असते. त्यातील क्रोमियम कर्करोगकारक असल्याने तो कोरडा घासून धूळ उडवू नये. खूप जुन्या रंगात शिसेही असू शकते. लहान मुले खेळतात त्या गॅरेजात हे काम करण्यापेक्षा घट्ट बसलेला जुना रंग तसाच ठेवून त्यावर नवा देणे शहाणपणाचे ठरते.

एक डबा की दोन

येथेच निर्णय घेणाऱ्याचे खरे अडते, आणि दुकानातील माणूस बहुधा महागड्या डब्याकडे बोट दाखवतो. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसते. इंटरलक्सचा परफेक्शन हा दोन भागांचा रंग आणि त्याच कंपनीचा ब्राइटसाइड हा एका डब्याचा रंग शेजारी ठेवून पाहिले, तर पहिला अधिक कडक होतो, ओरखडे आणि सांडलेले पेट्रोल अधिक सोसतो आणि उन्हात त्याची चकाकी अधिक वर्षे टिकते. होडी वर्षानुवर्षे उघड्यावर राहणार असेल आणि मालकाला ती नव्यासारखी दिसायला हवी असेल, तर दोन भागांच्या रंगाला तोड नाही.

पण तो घरी देणाऱ्याकडून काय मागतो, तेही पाहावे. मिसळलेला रंग काही तासांत संपवावा लागतो. उरलेला फेकावाच लागतो. किंमत साधारण दीडपट ते दुप्पट, आणि त्याचे थिनर वेगळे घ्यावे लागते. दमट हवेत चकाकी मरते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. स्प्रेने मारल्यास त्याचे तुषार फुफ्फुसात जाऊन कायमचा दमा जडू शकतो, आणि त्यापासून वाचण्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. साधा कार्ट्रिजचा मास्क त्यासाठी भरवशाचा नाही. म्हणून घरच्या घरी हा रंग द्यायचाच असेल, तर स्प्रे पूर्ण वगळावा. फोमच्या रोलरने पातळ थर लावून लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने तो हलकेच ओढून घ्यावा, दारे उघडी ठेवावीत, आणि तरीही मास्क व हातमोजे घालावेत.

एका डब्याच्या रंगाची बाजू याच्या उलट आहे. तो मऊ राहतो, लवकर खरवडला जातो, पण खरवडलेली जागा पुढच्या वसंतात घासून त्याच डब्यातून अर्ध्या तासात झाकता येते. दोन भागांच्या रंगात तेवढाच तुकडा बेमालूम जुळवणे व्यावसायिक रंगाऱ्यालाही जड जाते. मासेमारीच्या होडीला ओरखडे पडणारच. नांगर, गळ, शिसाची वजने आणि धक्क्याचे खांब तिला सोडत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीची सोय मला चकाकीच्या वर्षांपेक्षा मोलाची वाटते. शरद ऋतूत हीच होडी बदकांच्या शिकारीसाठी न्यायची असेल, तर प्रश्नच उरत नाही: एका डब्याचा, चमक नसलेला, मातकट रंगच घ्यावा.

आता ती अट, जी पुष्कळदा हा वाद परस्पर मिटवते. दोन भागांच्या रंगातील आणि इपॉक्सी प्रायमरमधील तीव्र द्रावक खाली असलेल्या एका डब्याच्या जुन्या रंगाला उचलतात आणि सगळा थर सुरकुततो. उलट, घट्ट बसलेल्या दोन भागांच्या रंगावर एका डब्याचा रंग सहज बसतो. म्हणून न दिसणाऱ्या एखाद्या कोपऱ्यात लॅकर थिनरने भिजवलेली चिंधी काही वेळ धरून ठेवावी. जुना रंग मऊ पडला, तर एकतर तो सगळा काढावा किंवा एका डब्याचा रंग देण्यात समाधान मानावे. जुना रंग पकड धरून आहे का, हे पाहण्यासाठी त्यावर ब्लेडने चौकटी ओढून त्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर चौकटी आल्या, तर त्या रंगावर काहीही देण्यात अर्थ नाही.

प्रायमरबाबत काटकसर नको

पत्र्याला वाचवणारा ऑक्साइडचा थरच रंगाला मात्र पकड देत नाही. ज्या जागी पत्रा उघडा पडला आहे, तिथला तेलकटपणा आधी द्रावकाने पुसावा, मग पत्रा घासावा. उलट क्रमाने केल्यास घासण्याबरोबर तेल पत्र्यात रगडले जाते. घासल्यावर काही मिनिटांतच नवा ऑक्साइड येऊ लागतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत द्यावा.

येथे दोन पर्याय आहेत. आम्लयुक्त, म्हणजे सेल्फ-एचिंग प्रायमर स्प्रेच्या डब्यात मिळतो, झटपट वाळतो आणि लहान उघड्या जागांसाठी उत्तम आहे. मात्र सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागाला तो चालत नाही आणि त्यावर इपॉक्सी देऊ नये. पत्रा मोठ्या प्रमाणात उघडा केला असेल, तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमरच घ्यावा, मग वरचा रंग एका डब्याचा असला तरी चालेल. इपॉक्सी उन्हात खडूसारखे पिठूळ होते, त्यामुळे त्यावर वरचा रंग देणे टाळता येत नाही. लहान खड्ड्यांत लांबी भरायची ती इपॉक्सीचीच असावी. भिंतीसाठी वापरतात ती येथे टिकत नाही.

चौदा फुटी होडीच्या बाजू आणि पाटी मिळून साधारण साठ चौरस फूट भरतात. एक क्वार्ट (सुमारे एक लिटर) रंग एका हाताला शंभर चौरस फुटांच्या आसपास पुरतो, म्हणजे तळ वगळला तर दोन हातांसाठी सव्वा ते दीड क्वार्ट लागतो. तळही धरला, तर हे माप जवळजवळ दुप्पट होते.

तळ आणि तांबे

लाकडी किंवा फायबरच्या होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग देण्याची रीत आहे, आणि समुद्रकाठी वाढलेल्या माणसाच्या मनात तळाचा रंग म्हटले की तोच येतो. ॲल्युमिनियमवर तो विषासारखा आहे. तांबे आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. होडी महिनोन्महिने पाण्यातच बांधून ठेवायची असेल, तरच तळाला इपॉक्सीचे थर देऊन ॲल्युमिनियमसाठी बनवलेला, क्युप्रस ऑक्साइड (तांब्याचे संयुग) नसलेला रंग घ्यावा. रोज बाहेर काढल्या जाणाऱ्या होडीवर शेवाळ धरायला वेळच मिळत नाही. शिवाय मिनेसोटात होडी रस्त्याने नेताना पाणी सोडण्याच्या भोकाचे बूच काढून पाणी निथळू देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ती तशीही कोरडी होते.

हाच नियम आतल्या तळफळीलाही लागू आहे. बाजारात मिळणारे प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेले प्लायवुड स्वस्त आणि टिकाऊ दिसते, परंतु अमेरिकेत २००४ पासून घरगुती वापराच्या अशा लाकडातील आर्सेनिकयुक्त रसायनाची जागा तांब्याचे प्रमाण अधिक असलेल्या रसायनांनी घेतली आहे. ते ओले राहून पत्र्याला टेकले, तर चार-पाच वर्षांत तळाला भोके पडू शकतात आणि रंगावर घेतलेली सारी मेहनत वाया जाते. साधे एक्सटीरियर किंवा मरीन प्लाय घेऊन ते सर्व बाजूंनी इपॉक्सीने बंद करावे. कार्पेटपेक्षा वाळू मिसळलेला रंग बरा, कारण भिजलेल्या कार्पेटखाली हवा न पोहोचल्याने पत्र्याला खड्डे पडतात.

वेळेचे गणित

एप्रिलमधल्या मिनेसोटाच्या गॅरेजात पारा दहा अंश सेल्सिअसच्या वर टिकेलच असे नाही, आणि त्याखाली इपॉक्सी नीट घट्ट होत नाही. जूनपर्यंत थांबावे तर कॉटनवुड झाडांचा कापूस सावरीच्या म्हातारीसारखा हवेत तरंगत असतो आणि ओल्या रंगावर नेमका येऊन बसतो. म्हणून मेच्या हंगामापूर्वी होडी पाण्यात हवीच असेल, तर यंदा फक्त गळती, पाटी आणि आतला भाग करावा आणि बाहेरचा रंग सप्टेंबरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावा. एका डब्याचा रंग वरून वाळला तरी आतून घट्ट व्हायला आठवडा तरी घेतो, आणि तोवर होडी ट्रेलरच्या कार्पेट लावलेल्या फळ्यांवर ठेवली, तर त्या कार्पेटची वीण रंगात उमटते.

रंग देण्याआधी पाटीवरचा बारा अक्षरांचा ओळखक्रमांक आणि वजनक्षमतेची पट्टी कागदाने झाकून घ्यावी. त्यांवर रंग चढला, तर होडी विकताना आणि नोंदणी करताना अडचण येते. बाजूंवरचा नोंदणीक्रमांक पुन्हा लावताना अक्षरे किमान तीन इंच उंचीची आणि होडीच्या रंगाहून स्पष्ट वेगळ्या रंगाची लागतात. मातकट हिरवा निवडलेल्यांनी पांढरी अक्षरे त्याच दिवशी मागवून ठेवावीत.