लेबर रेट की विथ मटेरियल? पहिल्या बंगल्याचं काम घेण्याआधी

नाशिकला म्हसरूळ-आडगावकडे प्लॉट घेतलेला मालक पहिल्याच भेटीत विचारतो, "विथ मटेरियल स्क्वेअर फुटाला काय घ्याल?" म्हणजे माल आणि मजुरी दोन्ही ठेकेदाराची. एकच माणूस, एकच आकडा, डोक्याला ताप नाही, हे त्याचं गणित. बिल मोठं दिसतं म्हणून आपण ठेकेदारही भुलतो. माझं मत आधीच सांगतो: मालाच्या दुकानदाराकडे महिनाभराची उधारी चालत नसेल, तर लेबर रेटच घ्या, म्हणजे माल मालकाचा, तुमची फक्त मजुरी.

कारण भाव. 2,000 स्क्वेअर फुटांच्या बंगल्याला फुटामागे 4 किलो धरलं तरी 8 टन स्टील लागतं. किलोमागे 10 रुपये वाढले की 80,000 गेले, तेही तुमच्या मजुरीतून. 2022 च्या सुरुवातीला स्टील असंच भडकलं होतं. मे महिन्यात केंद्राने निर्यात शुल्क लावल्यावर ते उतरलं, पण तोवर पक्क्या दरात काम उचललेल्यांचे हात पोळले होते. उलटंही होतं. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. हा फायदा कोणाचा, हे करारात नसेल तर मालक मागणारच. म्हणून विथ मटेरियल घ्यायचंच असेल, तर स्टील-सिमेंटचा आजचा दर करारात लिहा आणि त्यावरचा-खालचा फरक मालकाच्या खात्यावर टाका. याला तयार नसलेल्या मालकाला मी तरी विथ मटेरियल दर देणार नाही.

लेबर रेटमध्ये ही जोखीम टळते, दुखणी वेगळी असतात. माल वेळेवर येत नाही, गँग बसून राहते. त्या दिवसाची हजेरी कोण देणार? सिंहस्थाच्या कामांच्या धामधुमीत एकदा दुसऱ्या कामावर हललेली सेंट्रिंगची (स्लॅबचा साचा बांधणारी) गँग परत आणणं सोपं नाही. दर स्लॅब एरियावर ठरतो, पण जिना, बाल्कनी, पॅरापेट, टाकी, कंपाउंड वॉल त्यात धरली का? बहुतेक भांडणं इथेच होतात. शिवाय मालकाने आणलेली वीट कच्ची निघाली तरी भिंतीला ओल आल्यावर बोट तुमच्याकडेच. खराब माल दिसला की त्याच दिवशी फोटोसह व्हॉट्सॲपवर कळवून ठेवा.

करात लेबर रेट सरळ पुढे आहे. एकाच कुटुंबाच्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीवर जीएसटी माफ आहे. (बिल्डरच्या स्कीममध्ये तीच मजुरी 18 टक्क्यांत जाते.) विथ मटेरियलवर 18 टक्के, आणि सिमेंट-स्टीलसकट सगळी रक्कम तुमची उलाढाल धरली जात असल्याने सेवांची 20 लाखांची मर्यादा एकाच बंगल्यात ओलांडली जाऊ शकते. मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट (तुमच्या जीएसटीतून वजावट) तुम्हाला मिळतं, स्वतःचं घर बांधणाऱ्या मालकाला मिळत नाही. दर सांगताना त्याला हे आधीच बोला.

मजुराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी दोन्हीत तुमच्यावर येते, तेव्हा विमा काढाच. थकलेल्या पैशांसाठी दाव्याची मुदत 3 वर्षं. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर ती काम झाल्यापासून मोजतात.

अगदीच अडलं तर मधला मार्ग आहे: स्टील-सिमेंट मालकाचं, वाळू, खडी, विटा आणि मजुरी तुमची. फक्त यात माल आला की निव्वळ मजुरीची ती माफी जाते, तेवढं धरूनच आकडा सांगा.