खंड्याच्या मानेत चिप नव्हतीच

खंड्या आमचा कुत्रा. गावठी, तपकिरी, डावा कान कायम दुमडलेला. सरकारी कागदावर अशांची जात ‘नॉन-डिस्क्रिप्ट’ लिहितात, म्हणजे ज्याचं वर्णन करता येत नाही असा. हे मला या भानगडीत पडल्यावर कळलं. सात वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावर एका चहाच्या टपरीमागे सापडला, तेव्हापासून आमच्या सोफ्याचा मालक तोच.

२०२३ च्या मार्चमध्ये नवऱ्याला स्टुटगार्टच्या नोकरीचं पत्र आलं. १ जुलैला रुजू व्हायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, “खंड्याला साताऱ्याला ठेवा, अंगण मोठं आहे.” पण त्याला सोडून जायचं नाही हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी कॅलेंडर पुढे ओढलं. युरोपियन युनियनच्या यादीत रेबीजच्या बाबतीत भारत ‘सुरक्षित’ देशांत नाही, त्यामुळे नुसती लस पुरत नाही. आधी पंधरा आकडी मायक्रोचिप, म्हणजे ओळखीचा क्रमांक असलेली बारीक चिप, सुईने कातडीखाली बसवायची. मग रेबीजची लस, ती चिपच्याच दिवशी चालते, पण आधीची चालत नाही. खंड्याला नोव्हेंबरमध्ये लस दिली होती, पण तेव्हा चिप नव्हती, त्यामुळे युरोपच्या लेखी ती लस दिलीच नव्हती. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रक्तातल्या अँटिबॉडी ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा त्याहून जास्त आल्या पाहिजेत. आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं.

“जुलै संपेपर्यंत काही होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तेही सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर.”

आम्हाला हे उत्तर आवडलं नाही. फसवणूक पुढे आठवड्याभराने झाली, पण मी तिची सुरुवात इथूनच धरते. खरं उत्तर हातात असताना आम्ही दुसरं शोधायला निघालो.

दुसरं उत्तर इन्स्टाग्रामवर मिळालं. पाळीव प्राणी परदेशी पोचवणारा एजंट. पेजवर विमानतळावरच्या पिंजऱ्यांचे, बीगलचे, पर्शियन मांजरांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली ‘सुखरूप पोहोचला’ आणि त्या देशाचा झेंडा. त्या एकाही फोटोत मालकाचा चेहरा नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही. फोन केला तर माणूस अगदी घरच्यासारखा बोलला. “ताई, टेन्शन घेऊ नका. डॉक्टर लोक नियम वाचून दाखवतात, आम्ही रोज काम करतो. जूनअखेर तुमचा बाळ फ्रँकफर्टला.” मी तीन महिन्यांचं विचारलं. तो म्हणाला, “नोव्हेंबरची लस आहे ना? मग झालं. डेट ॲडजस्ट करू.”

‘डेट ॲडजस्ट करू’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. पुण्यात वाढलेल्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईने विचारलं नाही. कारण उत्तर अर्धंमुर्धं माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

‘सगळं धरून’ २,६०,००० रुपये. आगाऊ एक लाख. पैसे पाठवताना समोर जे नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुठल्याशा बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, “मिसेसचं अकाउंट आहे, जीएसटी वाचतो तुमचा.” आम्ही त्यावर हसलो.

२ एप्रिलला रविवारी एक मुलगा घरी आला, विशीतला. एजंट स्वतः कधीच आला नाही. मुलाने खंड्याला ओट्याजवळ धरायला लावलं, मानेवरचे केस बाजूला केले आणि जाडशी सुई टोचली. खंड्या केकाटला. मग पुढच्या पायातून रक्त काढलं, नळी स्टीलच्या डब्यात ठेवली. डब्यात बर्फ नव्हता, आमच्याच फ्रीजमधला ट्रे मागून घेतला. लसीच्या पुस्तकात बारकोडचं स्टिकर चिकटवलं, त्यावर पंधरा आकडे. बाजूला कुठल्याशा डॉक्टरांचा शिक्का आणि तारीख, मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरची. म्हणजे चिप नोव्हेंबरच्या लसीच्या आधीची झाली. जाताना मुलाने खंड्याचा मोबाइलवर फोटो काढला, मागे आमच्या हिरव्या टाइल्स आणि ओट्यावर दुधाचं पातेलं.

एक गोष्ट त्याने केली नाही. सुई टोचल्यावर रीडर फिरवून चिप लागते का, ते पाहिलं नाही. आम्हालाही असा रीडर असतो हे माहीत नव्हतं.

पुढे हप्ते सुरू झाले. चिप आणि तपासणीचे ३८,०००. विमान कंपनीच्या ‘बुकिंग’चे ५५,०००. पिंजऱ्याचे २२,०००. हे सगळं ‘सगळं धरून’ मध्ये नव्हतं का, असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा तो म्हणाला शेवटी वळतं करू. २,१५,००० रुपयांत हाताला लागलेली वस्तू एकच, तो पिंजरा. प्लास्टिकचा, वरचा भाग नुसत्या खटक्यांनी बसणारा. खंड्या आत उभा राहिला की कान छताला टेकायचे. विमानात प्राण्याला पिंजऱ्यात सरळ उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे, आणि दोन्ही भाग नट-बोल्टने आवळलेले लागतात, खटके चालत नाहीत. सध्या त्या पिंजऱ्यात साताऱ्याला सासूबाईंचे कांदे-बटाटे असतात.

एप्रिलअखेर व्हॉट्सॲपवर तपासणीचा अहवाल आला. युरोपातल्या एका प्रयोगशाळेचं नाव, चिन्ह, नमुना क्रमांक, खंड्याचं नाव, चिपचा आकडा. निकाल २.३. रक्त काढल्याची तारीख १० जानेवारी! जानेवारीत तर आम्ही या माणसाचं नावही ऐकलं नव्हतं. तारीख पाहून पोटात गोळा आला आणि लगेच विरूनही गेला, कारण त्या हिशेबाने तीन महिने कधीच भरले होते. नवरा म्हणाला, “चला, तिकिटं काढू.”

मेच्या मध्यावर खंड्याला उलट्या सुरू झाल्या. कुठेतरी शिळं खाल्लं असणार. नेहमीच्या डॉक्टरांकडेच जावं लागलं. मला चोरट्यासारखं वाटत होतं, त्यामुळे बसल्या बसल्या मीच फाइल पुढे केली. बघा, झालं आमचं, असा थोडा आवही आणला.

त्यांनी पहिल्यांदा फाइल उघडलीच नाही. ड्रॉवरमधून टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र काढलं आणि खंड्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधून फिरवलं. काही नाही. मानेवरून, मग खाली छातीकडे. “कधी कधी सरकते,” ते म्हणाले. पोट, कोपर, पुन्हा पाठ. पडद्यावर तेच, चिप सापडत नाही. बाहेर एक लॅब्रेडोर बसला होता, त्याच्या मालकाला विचारून त्याच्यावर फिरवलं. टिक् झालं, पंधरा आकडे आले. पुन्हा खंड्यावर. काही नाही.

मग त्यांनी फाइल वाचली. युरोपचा म्हणून एजंटने पाठवलेला आरोग्य प्रमाणपत्राचा नमुना इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये होता. ज्या देशात पहिल्यांदा उतरणार तिथली भाषा आणि इंग्रजी लागते, फ्रँकफर्टला फ्रेंचचं काय काम? प्रवासाच्या दिवशी झोपेची गोळी द्या, असंही एजंटने लिहिलं होतं. “गुंगीतलं जनावर विमान कंपनी घेत नाही,” डॉक्टर म्हणाले. “वर श्वासाचा त्रास झाला तर बघायला कोण असतं?”

मी विचारलं, हे कागद घेऊन गेलो असतो तर? त्यांनी शांतपणे सांगितलं. कागद खोटे निघाले की तीन पर्याय असतात. कुत्रा परत पाठवायचा, नाहीतर मालकाच्या खर्चाने सरकारी देखरेखीखाली अडकवून ठेवायचा, आणि दोन्ही शक्य नसेल तर शेवटी मारून टाकायचा. हे त्यांच्या कायद्यात लिहिलेलं आहे. खंड्या तेव्हा टेबलावर बसून माझ्या पर्सचा पट्टा चाटत होता.

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं जे मार्चमध्ये विचारायला हवं होतं, की तीन महिने कशासाठी. समजा कुत्र्याला लस देण्याआधीच पिसाळलेलं जनावर चावलेलं आहे. नंतर लस दिली, अँटिबॉडी तयार झाल्या, तपासणीत आकडा छान आला. पण आधी शिरलेला विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे चालतच राहतो, आणि लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. ते तीन महिने त्यासाठी आहेत. ती कागदावरची अट नाही, कुत्र्याच्या अंगात जाऊ द्यायचा वेळ आहे. तो कुणाच्या ओळखीने कमी कसा होणार?

त्याच रात्री मी त्या प्रयोगशाळेला ईमेल केला. पत्ता एजंटच्या कागदावरून घेतला नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर आहे, तिथून घेतला. नमुना क्रमांक लिहिला, अहवाल जोडला. दोन दिवसांत तीन ओळींचं उत्तर आलं. हा क्रमांक आमचाच आहे, पण दुसऱ्या प्राण्याचा आहे. हा अहवाल आम्ही दिलेला नाही. अधिक माहिती देता येत नाही. म्हणजे कुणाचा तरी खरा अहवाल घेऊन वर खंड्याचं नाव चढवलं होतं. नंतर मोठं करून पाहिलं तर चिपच्या आकड्यांचा टाइप बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होता. खंड्याचं रक्त कुठल्या बेसिनमध्ये गेलं देव जाणे.

मी एजंटला काही बोलले नाही, कारण त्याचाच फोन आला. जर्मनीत क्वारंटाइनची जागा राखायची आहे, ७०,००० रुपये, परत मिळणारे. कागद नीट असतील तर तिथे क्वारंटाइन नसतोच. मी म्हटलं, पावती पाठवा, मग भरते. आणि चिप रीडरवर का दिसत नाही तेही सांगा. पलीकडे काही सेकंद पंख्याचा आवाज आला. मग फोन कट, आणि आम्ही ब्लॉक.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर भरली, पोलीस चौकीत गेलो. १९३० ला पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खात्यातली रक्कम रोखता येण्याची शक्यता असते. आमचा पहिला हप्ता जाऊन दीड महिना उलटला होता. चौकीतले हवालदार काका सज्जन होते. सगळं लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, “जानेवारीची तारीख तुम्ही बघितली होती ना?” नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. पैसे अजून मिळालेले नाहीत. मिळतील असं धरूनही चाललेलो नाही.

खंड्याचं काम २० मेला पहिल्यापासून सुरू झालं. डॉक्टरांनी चिप सुईत असतानाच रीडरवर दाखवली, आकडे मला वहीत लिहायला लावले, बसवल्यावर पुन्हा रीडर फिरवला. त्याच दिवशी लस. २२ जूनला रक्त. नळी फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा केला, तो थंड पेटीतून गेला, आणि अहवाल प्रयोगशाळेकडून थेट डॉक्टरांच्या ईमेलवर आला. नवरा २४ जूनला एकटा गेला. मी तोवर नोकरी केली आणि खंड्याला नव्या पिंजऱ्यात जेवायची सवय लावली. पहिले आठ दिवस तो मान आत घालून, मागचे पाय बाहेर ठेवून जेवायचा, पळायची तयारी असल्यासारखा.

ऑक्टोबरमध्ये निघालो. शेवटचे दहा दिवस मात्र धावपळीचे, कारण सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून दहा दिवसांत तिथे उतरावं लागतं. ते मुंबईच्या पशु संगरोध कार्यालयातून, ज्याला सगळे एक्यूसीएस म्हणतात, आम्हीच जाऊन आणलं. एजंटशिवाय होत नाही असं काही नाही. हेलपाटे होतात, एवढंच. मालक म्हणून कागदावर माझं नाव घातलं, कारण मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर चालत नाही आणि नवरा जाऊन चार महिने होत आले होते. मार्चमध्ये डॉक्टरांचं ऐकलं असतं तर जुलैअखेरीस पोचलो असतो, हा हिशेब नवऱ्याने मला विमानतळावर करून दाखवला. मी म्हटलं, नंतर.

फ्रँकफर्टला कस्टम्सच्या बाईंनी खंड्यावर रीडर फिरवला. टिक् झालं. आकडे अहवालाशी एकेक करून जुळवले, मग रक्ताची तारीख पाहिली आणि बोटांवर महिने मोजले.

परवा मैत्रिणीने एक लिंक पाठवली. तिच्या बहिणीला मांजर कॅनडाला न्यायचं आहे, हा एजंट कसा वाटतो म्हणून. पेजचं नाव नवीन, झेंडे तेच. खाली सरकवत गेले तर पर्शियन मांजराच्या शेजारी तपकिरी कुत्रा, डावा कान दुमडलेला, मागे हिरव्या टाइल्स आणि दुधाचं पातेलं. खाली लिहिलं होतं, ‘सुखरूप पोहोचला’, आणि पुढे जर्मनीचा झेंडा.