टाके सातव्या दिवशी निघायचे होते, माझे 70,300 निघाले

आधी हिशेब मांडतो, कारण तेवढंच माझ्याकडे पक्कं आहे. नाक सरळ करायच्या शिबिरात बुकिंगचे 10,000 रोख, पावती नाही. ऑपरेशनच्या दिवशी 35,000. औषधांची ‘किट’ 4,800. ‘हीलिंग कोर्स’ 18,000. टाके काढायचे 2,500. एकूण 70,300. बाबांनी हमीभाव 7,521 असताना खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, 6,900 नं दहा क्विंटल कापूस घातला, त्याचे 69,000 आले होते. म्हणजे सगळा कापूस गेला आणि वर तेराशे माझ्या खिशातले.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी सेतू केंद्र चालवतो. ‘ओटीपी कोणाले सांगू नका बाप्पा’ असं म्हाताऱ्यांवर ओरडणारा माणूस मी. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

हसायचं त्यांनी हसून घ्या. 2012 च्या पोळ्यात बैलानं मान हिसडली, शिंगाचा फटका बसला आणि नाक डावीकडे गेलं ते गेलंच. रात्री एकाच नाकपुडीनं श्वास. आणि हो, मुलगी पाहायला गेलो तर पोरीच्या मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘नाकाले काय झालं जी?’ तेही कारण आहेच, लपवत नाही. श्वासासाठी आतला वाकडा पडदा सरळ करायचं ऑपरेशन सरकारी मेडिकल कॉलेजात होतं, हे मला सगळं झाल्यावर कळलं. लोकांची आयुष्मान कार्डं काढून देतो मी!

शिबिर कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मंगल कार्यालय, फुकट तपासणी, लॅपटॉपवर तुमचा फोटो, शेजारी सरळ नाकाचा तुमचाच फोटो, आणि आज बुक केलं तर अर्ध्या पैशात.

9 डिसेंबर 2024 ला नागपूरला गेलो. ऑपरेशनच्या आधी काउंटरवरचा कोड स्कॅन केला. दवाखान्याचं नाव यायला पाहिजे होतं, आलं एका बाईचं. मी ते वाचलं. मोठ्यानं वाचलं! काउंटरवरची पोरगी म्हणाली, ‘मॅडमचं अकाउंट आहे भाऊ, यावर जीएसटी नाही लागत.’ आणि मला काय वाटलं असेल? की जीएसटी वाचला. दिवसातून पन्नास जणांना मी सांगतो, नाव पाहा मग पिन टाका. नाव पाहिलं आणि पिन टाकला. एकदा नाही, त्याच नावावर चार वेळा, 60,300. रात्री झोपेत मला ते नाव दिसतं, खाली पैसे गेल्याची हिरवी खूण.

दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर पाच टाके घातले होते, वरून नाकावर कडक पट्टी. सर दोन मिनिटं दिसले, तेही मास्कमध्ये. घरी जाताना दिलेल्या कागदावर डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, टाके कधी काढायचे ती तारीख नाही. असा कागद हातात आला तर तिथंच बसून राहा, उठू नका.

सातव्या दिवशी पहाटेची एसटी धरून गेलो. डोळ्यांखाली काळंनिळं, नाक वांग्यासारखं. काउंटरवाली म्हणाली, ‘रक्त साचलं आहे भाऊ, आता नाही काढलं तर नाक परत वाकते. टाके अजून राहू द्या, तेवढं नाक पक्कं होते.’ सहा वेळा लाल लाईटचा शेक, 24,000 चा कोर्स, मला 18,000 ला. मी घाबरलो. तुमचं नाक असतं तर तुम्हीही घाबरला असता. भरले पैसे. मशीनखाली झोपायला गेलो तेव्हा पडद्यापलीकडे वणीच्या एका बाईला तीच पोरगी सांगत होती, ‘रक्त साचलं आहे ताई, आता नाही काढलं तर...’ शब्दाला शब्द. तेव्हा तरी उठायचं होतं.

टाक्यांसाठी 2,500 आधीच घेऊन 23 तारीख दिली. गेलो तर सर बाहेरगावी.

26 तारखेला आमच्याच ग्रामीण रुग्णालयात गेलो, कारण एका टाक्याला पू धरला होता. तिथल्या मॅडमनी दहा मिनिटांत पाचही काढले, दोन कातडीत रुतले होते. म्हणाल्या, हे पाच ते सात दिवसांत निघायला हवे होते, उशीर झाला की टाक्यांच्या खुणा राहतात. डोळ्यांखालचं काळं साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातं, सूज हळूहळू उतरते, शेंड्याची तर वर्षभर घेते. म्हणजे जे आपोआप होणार होतं त्याचे 18,000 घेतले, आणि जे वेळेवर करायचं होतं ते केलंच नाही. केस पेपर फुकट, वर शिव्या फुकट. त्या शिव्या मला गोड लागल्या.

आता पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात हवालदार नाकाकडे पाहून म्हणाला, ‘हिरो व्हायचं होतं काय बे?’ मग म्हणे हद्द नागपूरची. नागपूरला म्हणे पैसे दारव्ह्यात ठरले, तिथं जा. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यावी लागते, हे मी मोबाईलवर दाखवलं, तर ‘मग हे दखलपात्र नाही, दिवाणी आहे.’ 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. आरोग्य खात्याच्या कार्यालयात साहेब मीटिंगला, तीन वेळा. चौथ्यांदा साहेब भेटले आणि विचारलं, ‘बिल आहे का?’ महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करायची तर डॉक्टरचं नाव लागतं, आणि नावच तर लपवलं होतं! बाकी सगळ्यांनी मला आधार कार्डाची झेरॉक्स मात्र मागितली. आतापर्यंत अकरा दिल्या, माझ्याच मशीनवर काढून.

एक दार उघडं आहे, जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. दवाखान्याकडे केसचे कागद लेखी मागा, 72 तासांत द्यायचा नियम आहे. मी रजिस्टर पोस्टानं मागितले. पाकीट परत आलं, पत्त्यावर कोणी नाही.

शिबिरातला एजंट मात्र पत्त्यावर आहे. परवा त्याच्या स्टेटसला आर्णीच्या शिबिराचा बॅनर होता, नाकासोबत आता केस लावणंही. वणीच्या बाईंचा नंबर मी त्या दिवशी घेतला होता, एवढीच एक अक्कल चालली. त्यांच्याकडे दोन व्यवहारांचे स्क्रीनशॉट आहेत, त्याच मॅडमच्या नावाचे. तक्रारीला ते जोडले आहेत. अजून कोणी त्या कोडवर पैसे भरले असतील तर मोबाईल बदलण्याआधी व्यवहार क्रमांक वहीत उतरवून ठेवा.