ब्लेड बोथट नव्हतं, रेझर तिरका होता: चार ब्लेडं, चार डोकी, सात महिने

टोपीचा स्क्रू दांड्यातच मोडून राहिला म्हणून हे आत्ता लिहितोय, नाहीतर ब्लेडांच्या नोंदी अजून दोन-तीन महिने वहीतच पडून राहिल्या असत्या. सेफ्टी रेझर देशी, साडेपाचशेचा, तीन भागांचा: वर टोपी, तिच्याखाली ब्लेड दाबून धरणारी प्लेट आणि दांडा. टोपी आणि प्लेट मिळून डोकं. विक्रेत्याचं उत्तर: "सुटी टोपी मिळत नाही, अख्खा नवा घ्या." दांडा पितळी, त्यावर साधा ओरखडा नाही. खालची प्लेट शाबूत. आणि नखाएवढ्या स्क्रूपायी सगळं भंगारात घालायचं! नाव देत नाही, कारण हा आजार एका कंपनीचा नाही.

कारण साधं आहे. टोपी झमॅकची असते, म्हणजे जस्तात थोडं अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं घालून केलेलं ओतकाम, वर क्रोमचा पातळ थर. आट्यांच्या खाचांत हा थर नीट पोचत नाही. तिथे पाणी आणि साबण साचतो, पांढरी भुकटी धरते, आटे जड फिरायला लागतात. मग आपण जोर लावतो. पितळ असतं तर थोडं तरी लवलं असतं. झमॅक सरळ तुटतो. प्लेट ब्लेडला टेकली की पुढे फार तर पाव फेरा, तोही बोटांच्या टोकांनी. मूठ आवळून पिळलं की धार वाढते असा काहींचा समज आहे. वाढत काहीच नाही.

दांडा मात्र फेकू नका. तुकडा आत अडकला असेल तर गंज सैल करणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर उभा ठेवा. सकाळी टोकदार पोगराने तुकड्याच्या कडेला हलके टोले द्या, घड्याळाच्या उलट दिशेने. झमॅक मऊ असल्याने पोगर रुततो आणि तुकडा फिरून वर येतो. नाही आला तर लेथवाल्याकडे पाच मिनिटांचं काम. आतले आटे बहुतेक एम-5 मापाचे असतात आणि जर्मन म्यूलेची डोकी त्यावर बसतात. जुन्या अमेरिकन जिलेटचे आटे इंची मापाचे, 10-32 चे. त्यांची टोपी एम-5 च्या दांड्यात किंचित सैल का होईना पण जाते. उलटं करायला गेलात, म्हणजे एम-5 ची टोपी जुन्या जिलेटच्या दांड्यात घातलीत, तर ती मध्येच अडकते. तिथे जबरदस्ती नको.

आता मूळ विषय. ब्लेडं चार: फेदर हाय-स्टेनलेस, हिरवं अ‍ॅस्ट्रा, काळ्या पाकिटातलं सेव्हन ओ'क्लॉक आणि सुपरमॅक्स प्लॅटिनम. डोकी आधी तीन: हा मोडलेला देशी, म्यूले आर-89 आणि म्यूले आर-41. तिन्ही एकाच पितळी दांड्यावर फिरवली, म्हणजे वजनाचा फरक हिशेबातून गेला. तुटातुटीनंतर देशीच्या जागी रॉकवेल 6-सी आला. एक दिवसाआड, एकच क्रीम, शंभरेक दाढ्या. दर वेळी दोन हात: एक सुलटा (केस वाढतात त्या दिशेने), एक आडवा. उलटा हात फक्त गालांवर.

पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी आता वाचताना लाज वाटते. सुपरमॅक्सपुढे "ओढतं, बोथट" असं तीनदा. सेव्हन ओ'क्लॉकपुढे "पहिली दाढी बरी, दुसरीला आग". फेदरपुढे "धार जबरदस्त, पण हनुवटीखाली रक्ताचे ठिपके". ब्लेडांची क्रमवारी लावणारे लोक जे लिहितात तेच, आणि त्याच चुकीने. यातल्या बहुतेक नोंदी देशी डोक्यावरच्या होत्या.

शंका यायला हवी होती ती सलूनवरून. आपल्याकडचा कारागीर कागदातच ब्लेड मोडून दोन तुकडे करतो आणि एक तुकडा वस्तऱ्यात सरकवतो. ब्लेड बहुतेक वेळा हेच, तीन-चार रुपयांचं. ते बोथट असल्याची तक्रार कुणी केलेली ऐकली आहे का? उलट, "वस्तरा फार लागला" हीच तक्रार असते. तेच पोलाद, तीच धार. फरक धरण्यात. वस्तऱ्याच्या चिमट्यात अर्धं ब्लेड लांबीभर दाबलेलं असतं आणि धार अगदी थोडी बाहेर असते, म्हणून ते थरथरत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड पत्रा आहे तो. त्याला जितका जवळून धराल तितका तो ताठ. टोपी आणि प्लेटने धारेपासून लांब धरलं की प्रत्येक खुंटावर धार किंचित मागे लवते, मग झटक्याने पुढे येते. त्या झटक्याला आपण "ओढतं" म्हणतो आणि गुण ब्लेडचे कापतो.

दुसरी गोष्ट तिरकेपणाची, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. ज्यांना कंटाळा आहे त्यांनी थेट शेवटच्या हिशेबाकडे जावं.

ब्लेडची भोकं आणि टोपीच्या पिना यांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर ब्लेड बसणारच नाही. पण या मोकळिकीत ब्लेड एका अंगाला सरकलं की एका बाजूला धार जास्त बाहेर, दुसरीकडे कमी. एका बाजूने दाढी केली की आग, दुसऱ्या बाजूने केली की खुंट राहतात. माणूस म्हणतो, "ब्लेड एका बाजूने खराब निघालं." क्वचित ते खरंही असतं. कोणाचा दोष हे ओळखायची चाचणी अशी.

रेझरच्या प्लेटच्या एका कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्या. ब्लेडच्या एका कोपऱ्यावर पर्मनंट मार्करने खूण करा. काही ब्लेडांच्या कोपऱ्यांवर 1 ते 4 आकडे छापलेलेच असतात, मग मार्करही नको. दोन्ही खुणा एकाच बाजूला ठेवून दाढी करा आणि कुठली बाजू लागते ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी ब्लेड काढून अर्धा फेरा फिरवून बसवा, रेझर तसाच. लागणारी बाजू ब्लेडबरोबर फिरली तर दोष ब्लेडचा. ती नेलपॉलिशलाच चिकटून राहिली तर दोष रेझरच्या ओतकामाचा. आणि दर वेळी मनाला येईल तशी बदलत असेल तर दोष बसवण्याचा, म्हणजे आपला.

देशी डोक्यावर चारही ब्लेडं फिरवून पाहिली. आठपैकी सात वेळा आग ठिपक्याच्या बाजूलाच. फोनच्या मॅक्रो कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा केला तेव्हा प्लेटची ती कड दुसरीपेक्षा स्पष्ट खाली बसलेली दिसली. म्हणजे दोन महिने मी एका वाकड्या प्लेटचे गुण चार कारखान्यांना वाटत होतो. त्या सगळ्या नोंदींवर काट मारली. टोपी मोडली ते एका अर्थी बरंच झालं, पण हे विक्रेत्याला सांगणार नाही.

बसवण्याची माझी आताची रीत: टोपी उलटी तळहातावर. ब्लेड पिनांवर ठेवायचं, लांब धारांना हात न लावता, आखूड टोकांनी धरून. प्लेट वर, दांडा जेमतेम ब्लेड धरेल इतकाच फिरवायचा. मग दोन्ही आखूड टोकं अंगठा आणि तर्जनीत धरून ब्लेड डावी-उजवीकडे हलवून मध्यावर आणायचं आणि तसंच धरून शेवटचा पाव फेरा. आता टोपी डोळ्यांसमोर, मागे खिडकीचा उजेड. टोपीच्या कडेबाहेर दिसणारी पोलादाची रेघ दोन्ही बाजूंना सारखी हवी आणि एकाच बाजूच्या दोन टोकांनाही सारखी. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक दिसली तर सैल करून पुन्हा. तीस सेकंदांचं काम. आर-89 मध्ये ब्लेडची आखूड टोकं डोक्याबाहेर डोकावतात, त्यामुळे चिमटीत धरणं सोपं. मात्र तीच टोकं नाकाखाली आणि कानाच्या पाळीजवळ टोचतात, तेव्हा मिश्यांच्या कडा करताना रेझर थोडा फिरवून घ्या.

इतकं जमल्यावर निकाल पार बदलले. आर-89 हे मवाळ डोकं. त्यात फेदर सगळ्यांत छान चाललं, हे मला अपेक्षित नव्हतं. धार तीक्ष्ण पण बाहेर फारशी नाही, म्हणून कापतं आणि त्वचेला लागत नाही. सुपरमॅक्स त्याच डोक्यात तीन दिवस वाढलेल्या दाढीला कमी पडतं. रोजच्या दाढीला पुरे. आर-41 म्हणजे दातेरी प्लेटवालं, धार भरपूर बाहेर काढणारं डोकं. इथे लोकांचा हमखास गोंधळ होतो: डोकं आक्रमक म्हणून ब्लेड मवाळ घेतात. उलटं होतं. कमी धारेचं ब्लेड खुंटाशी अडतं, हात नकळत दाबतो, आणि या डोक्यात दाबाला क्षमा नाही. सेव्हन ओ'क्लॉक किंवा अ‍ॅस्ट्रा तिथे नेमकं बसलं. फेदरही चालतं, पण दोनच हात आणि मन ठिकाणावर हवं. सकाळी आठ-पाचची लोकल गाठायची असेल त्या दिवशी नको.

रॉकवेल 6-सी या सगळ्यात न्यायाधीशासारखा उपयोगी पडला. तीन प्लेटा, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणून ब्लेड आणि प्लेटमधल्या सहा फटी, 1 ते 6 क्रमांकाच्या: 0.20, 0.35, 0.48, 0.58, 0.69 आणि 0.79 मिलिमीटर. टोपी तीच, दांडा तोच, फक्त फट बदलते. 1 आणि 2 वर वाढलेली दाढी केली तर फेस फटीत गच्च बसतो, दर हाताला धुवावं लागतं. 3 वर फेदर, 4 वर अ‍ॅस्ट्रा आणि सेव्हन ओ'क्लॉक. आणि 4 वरच, जे ब्लेड मी दोन महिने शिव्या देऊन वापरलं ते सुपरमॅक्स तीन दाढ्या स्वच्छ चाललं. चौथ्याला ओढायला लागलं, ते मान्य. 6 वर काहीही घाला, मला लागलंच.

ब्लेड बोथट होतं म्हणजे नेमकं काय होतं? केस पोलादापेक्षा जवळपास पन्नासपट मऊ, तरी धारेचे टवके उडतात. एमआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की केस कापला जाताना वाकतो आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे धारेला तडा जाऊन टवका निघतो. सगळी धार सारखी झिजत नाही. यावरून माझा अंदाज असा की थरथरणारं, तिरकं बसलेलं ब्लेड लवकर संपत असणार. निदान वहीत तसं दिसतं, देशी डोक्यावर प्रत्येक ब्लेडची एक-दीड दाढी कमी भरली. केस नीट भिजवण्यालाही म्हणूनच अर्थ आहे. आंघोळीनंतर किंवा गरम ओला पंचा दोन-तीन मिनिटं ठेवून मगच फेस.

ब्लेड पंच्याने पुसू नका. धारेवर टेफ्लॉनसारखा लेप असतो, तो आणि धार दोन्ही जातात. धुवा, झटका, डोकं सैल करून उभं ठेवा. कोकणात पावसाळ्यात न्हाणीघरात तर ठेवूच नका. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात दोन त्रास: फेस फुटतो आणि टोपीखाली पांढरा थर बसतो. फेसासाठी एक तांब्या फिल्टरचं पाणी घ्या, वाया जात नाही. थरासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, पाच मिनिटं, जुना दातांचा ब्रश, मग साधं पाणी. रात्रभर भिजवलंत तर क्रोम उडालेल्या जागी आम्ल झमॅक खातं आणि तुम्हीही विक्रेत्याकडे सुटी टोपी मागत उभे राहाल.

तुरटी शेवटी फिरवायची ती रक्तासाठी नव्हे, तपासणीसाठी. कुठे चुरचुरतं ते बघा. नेहमी एकाच गालाला चुरचुरत असेल तर वरची नेलपॉलिशची चाचणी करा.

हिशेब, मला पडलेल्या भावाने: फेदर तीस रुपये, चार दाढ्या, साडेसात रुपये दाढीला. अ‍ॅस्ट्रा बारा रुपये, पाच दाढ्या, दोन रुपये चाळीस पैसे. सेव्हन ओ'क्लॉक पाच रुपये, चार दाढ्या, सव्वा रुपया. सुपरमॅक्स तीन रुपये, तीन दाढ्या, एक रुपया. अ‍ॅस्ट्रा घेताना पाकिटावरचा देश वाचा. वर्षानुवर्षं सेंट पीटर्सबर्गचं यायचं, आणि जुने लोक अजून तेच शोधतात. सुपरमॅक्स हे ठाण्याच्या वागळे इस्टेटशी जोडलेलं नाव. किराणा दुकानात टोपाझ-पनामा या जुन्या ब्लेडांच्या आठवणी काढणारे आजोबा भेटतील तिथे विचारा, काचेच्या बरणीमागे पाकिटं असतात.

सध्या: रोजच्याला रॉकवेल 4 वर सेव्हन ओ'क्लॉक. चार दिवस वाढली की आर-41 वर अ‍ॅस्ट्रा, त्या मोडक्या रेझरच्या दांड्यावर, जो साडेपाचशेतला एकमेव वसूल झालेला भाग आहे. फेदरची अकरा उरली आहेत, ती आर-89 मध्ये संपवीन, पुन्हा मागवणार नाही. वापरलेली ब्लेडं पत्र्याच्या डब्यात, झाकणाला बारीक चीर पाडून. भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर 'ब्लेड' लिहून भंगारवाल्याच्या हातात. कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका, ती पिशवी कुणीतरी हाताने उघडतं.